ऑगस्टात चालू राहिलेलं यंत्र

इटलीत, आमच्या बोलोन्यात, ऑगस्टच्या सुट्टीत मरायचीसुद्धा सोय नाही. डॉक्टर समुद्रावर, पाद्री डोंगरात, पाववाल्याच्या दाराला कुलूप. कारखाने तर असे बंद होतात की पुन्हा उघडतील असं वाटू नये. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लक्षात राहिलं नाही ते फक्त आमच्या डॉक्टरीणबाईंच्या.

डॉक्टरीणबाई म्हणजे इम्मा. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट करणारी, दक्षिणेकडच्या डोंगराळ गावातली मुलगी. हल्ली म्हणे नुसतं विद्यापीठात बसून प्रबंध लिहून भागत नाही, काही महिने कारखान्यात काम करावं लागतं. तशी ती माझ्या नवऱ्याच्या, ओरियानोच्या, हाताखाली आली. तो चॉकलेटं गुंडाळणाऱ्या यंत्रांची ड्रॉइंगं काढतो. उभं आयुष्य त्यातच गेलं त्याचं.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या एका यंत्रातून तेल गळायला लागलं. चॉकलेटवर तेल! गिऱ्हाइकांनी यंत्रं परत पाठवली. त्याच सुमाराला कंपनीनं गिअरबॉक्ससाठी स्वस्तातलं तेल घेतलं होतं, म्हणून मी म्हणायची, दोष तेलाचाच. पण तेल अडवणारं रबरी कडं, ऑइल सील, ज्या खाचेत बसतं ती खाच ओरियानोनं काढलेली. दोष तेलाचा की खाचेचा, हे कुणी तपासलंच नाही. कंपनीनं ते यंत्र विकणं थांबवलं आणि विषय मिटवला. ओरियानो सगळ्यांचा लाडका, त्यामुळे त्याच्या तोंडावर कुणी काही बोलेना. कँटीनमध्ये तो आला की सगळे फुटबॉलवर बोलायला लागायचे. माझा नवरा मात्र आतून पोखरला जात होता. जेवताना मध्येच काटा खाली ठेवायचा आणि विचारायचा, "नीवेस, माझीच चूक असेल का गं?"

"गप जेव," मी म्हणायची. दुसरं काय म्हणणार? पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता, आणि हा प्रश्न उराशी धरूनच घरी बसणार होता.

इम्मानं प्रबंधासाठी नेमकं तेच यंत्र उचललं. मेलीला दुसरं काही सापडलं नाही का, असं मला झालं. तिनं दोन गिअरबॉक्स शेजारीशेजारी लावले. एकात जुनं महागाचं तेल, दुसऱ्यात स्वस्तातलं. तेल तापवून दोन्ही रात्रंदिवस फिरवत ठेवायचे, आठवडेच्या आठवडे. फक्त स्वस्त तेलवाला गळला तर दोष तेलाचा. दोन्ही गळले तर खाचेचा, म्हणजे ओरियानोचा. आणि मध्येच बंद पडून तेल थंड झालं, तर सगळं मुसळ केरात.

योजना तिनं हिवाळ्यात विद्यापीठात बसून आखली होती. जुलैत सुरुवात, सप्टेंबरात शेवट. विद्यापीठातल्या लोकांसाठी ऑगस्ट म्हणजे शांतपणे काम करायचा महिना; कारखान्याच्या कॅलेंडरात ऑगस्ट नसतोच. गंमत म्हणजे ओरियानोनंही ती योजना वाचून मान हलवली होती! दोघांच्या लक्षात आलं तेव्हा यंत्रं फिरायला लागली होती. तिची शिष्यवृत्ती संपत आलेली, प्रबंध त्याच वर्षी द्यायचा. पुन्हा पहिल्यापासून करायला वेळच नव्हता.

मॅनेजर म्हणाले, यंत्रं चालू ठेवा, पण कारखान्याचा एक तरी माणूस कायम इमारतीत हवा. इम्मा पगारावर नाही, म्हणून ती माणसांत धरली जात नाही.

ओरियानो घरी आला आणि म्हणाला, "मी थांबतो."

माझं डोकंच फिरलं. "थांबतो म्हणजे? आणि समुद्रावर कोण जाणार? तुझी आजी?"

चेझेनातिकोच्या किनाऱ्यावर दर ऑगस्टला भाड्यानं घ्यायची आमची ठरलेली छत्री होती. मागच्या रांगेतून वर्षानुवर्षं सरकत आम्ही पाण्यालगतच्या पहिल्या रांगेत पोचलो होतो. एक वर्ष खाडा केला की ती जागा दुसऱ्याच्या घशात.

"तू जा ना. बहिणीला घेऊन जा."

"आणि लोकांना काय सांगू? माझा नवरा एका तरण्या पोरीबरोबर कारखान्यात झोपतोय?"

"सांग की! या वयात तेवढीच माझी पत वाढेल."

गेले मी रागारागानं. पण रिकाम्या खुर्चीशेजारी बसून किती दिवस समुद्र बघणार? छत्री बहिणीच्या हवाली केली आणि फेरागोस्तोच्या सणाला, भर ऑगस्टाच्या मध्यावर, भाताचं थंड सॅलड, खरबूज आणि हॅम घेऊन कारखान्यात जाऊन धडकले.

आत उकाडा नुसता. एवढ्या मोठ्या शेडमध्ये तेवढे दोन गिअरबॉक्स घरघरत होते, बाजूला ओरियानोची घडीची खाट. इम्मा धावत आली. चेहरा असा, जणू मी तिला मारायलाच आलेय.

"सिन्योरा, तुमची सुट्टी मी खाल्ली हो."

"खाल्लीस ना? मग आता भातही खा. हाडं दिसायला लागलीत तुझी."

तिच्या आईनं बसनं पाठवलेल्या वाळक्या तळलेल्या मिरच्या तिनं पुढे केल्या. जेवण छान झालं, खोटं कशाला बोलू. मग ती ताटल्या धुवायला गेली आणि ओरियानोनं मला हाताला धरून गिअरबॉक्सजवळ नेलं. स्वस्त तेलवाला कधीचाच गळायला लागला होता. मी म्हणणार होते, बघ, मी सांगत नव्हते? तेवढ्यात त्यानं दुसऱ्याखाली बोट दाखवलं. तिथेही तेलाचा एक थेंब पडला होता.

इम्मा गेली होती त्या दाराकडे मी एकदा बघून घेतलं.

"बंद कर," मी हळूच म्हणाले. "आकाश भरून आलंय. वादळ झालं, वीज गेली म्हणायचं. कोण विचारतंय?"

"अगं, पोरीची तीन वर्षं आहेत त्यात."

"आणि तुझी सगळी हयात? ती काय वाऱ्यावर?"

"म्हणूनच तर. कदाचित तेल भरताना सांडलं असेल. कदाचित नसेल. मला कळू दे ना, नीवेस."

"हात दाखवून अवलक्षण आहे हे!"

"असू दे. हात माझाच आहे."

त्यानं तो थेंब पुसला आणि खाली कोरा पांढरा कागद अंथरला, पुढचा थेंब पडला तर स्पष्ट दिसावा म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कसलं, माझं मलाच कळेना. मग मी उरलेला ऑगस्ट रोज तिथेच जात राहिले. त्या दोघांना धड पास्तासुद्धा उकडता येत नव्हता.

सप्टेंबरात एका संध्याकाळी इम्मा आमच्या दारात उभी राहिली. मॅनेजरकडे गेली नव्हती, तिच्या प्रोफेसरांकडे गेली नव्हती, आधी आमच्याकडे आली. रडून डोळे सुजलेले.

"खाचेचाच दोष आहे," ती म्हणाली. "मी पुन्हा पुन्हा तपासलं. तुमची खाच घट्ट झालीय. सील तापून फुगलं की त्याला जागाच उरत नाही, मग ते चेपतं आणि तेल निसटतं. मला माफ करा."

मी ओरियानोकडे बघायला घाबरत होते. तो म्हणाला, "किती घट्ट? दाखव." दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. "अरे हो! गाढव आहे मी, गाढव!" असं म्हणत त्यानं तिथेच पेन्सिल घेऊन नवी खाच काढली. मग दोन ताटल्या पास्ता खाल्ला. काटा एकदाही खाली ठेवला नाही आणि मला काही विचारलंही नाही. रात्री किती दिवसांनी गाढ झोपून घोरला, आणि मी ऐकत पडून राहिले. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू.

प्रेमापोटीच का होईना, आम्ही सगळ्यांनी मिळून त्या माणसाला दोन वर्षं अंधारात ठेवलं होतं. त्यात मीही आलेच. खरं सांगण्याइतका मान त्याला दिला तो एका परक्या पोरीनं. तिचे उपकार मी या जन्मी विसरणार नाही.

नव्या खाचेचं यंत्र काही गळलं नाही. इम्माचा प्रबंध पुरा झाला आणि मार्चमध्ये विद्यापीठात तिची जाहीर परीक्षा झाली. ओरियानो लग्नसमारंभाचा सूट घालून आला होता. माझ्या शेजारी इम्माची आई बसली होती, रात्रभर बसचा प्रवास करून आलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. इम्मा छान बोलली. शेवटी परीक्षकांतल्या एका जाड्या प्रोफेसरांनी चष्मा काढून विचारलं, "पण ही मूळ खाच काढली कुणी हो? चूक अगदीच शाळकरी आहे."

इम्मा लाल झाली. "ते... नाव सांगता येणार नाही, सर. कंपनीची गोष्ट आहे."

तेवढ्यात माझ्या दुसऱ्या बाजूची खुर्ची करकरली. ओरियानो उभा राहिला होता.

"मी काढली," तो म्हणाला. "शाळकरी आहे, कबूल. नवी खाचही मीच काढलीय. डॉक्टरीणबाई नसत्या, तर दोन्हींतलं एकही मला मरेपर्यंत कळलं नसतं."

इम्माची आई माझ्या कानाशी वाकली.

"कोण हो हे गृहस्थ?"

"माझा नवरा," मी म्हणाले, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाले की त्या जाड्या प्रोफेसरांनीही वळून बघितलं.