मीटरवर पूर्ण पाच

मित्रांनो, मी एक जुना व्होल्टेज रेग्युलेटर आहे. नखाएवढं काळं अंग आणि तीन पाय, एवढाच माझा पसारा. एका पायातून नऊ व्होल्ट आत येतात, कधी साडेआठ, कधी दहा. मी मात्र पूर्ण पाचच बाहेर सोडतो. जास्तीचं सगळं तापून अंगावर काढतो.

कपडे धुण्याच्या एका कारखान्यात, बॉयलरच्या खोलीत, गॅसगळती ओळखणाऱ्या डब्यात मी अकरा वर्षं काढली. गॅस सुटला की सेन्सरने ओळखायचं आणि भोंग्याने ओरडायचं. दोघेही माझ्या पाच व्होल्टवर जगणारे. दोनदा खरोखरच गॅस सुटला आणि दोन्ही वेळा माणसं वेळेवर बाहेर पडली. शाबासकी भोंग्याला मिळाली. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू?

माझ्या शेजारी एक म्हातारा कपॅसिटर होता. माझे पाच डळमळले की तो मला सावरायचा. यंदा त्याचं डोकं फुगलं आणि तो निकामी झाला.

बॉयलर सांभाळणाऱ्याची धाकटी बहीण अशी यंत्रं दुरुस्त करते. त्याने डबा तिच्या दुकानात नेला. "दादा, तू रोज त्या खोलीत असतोस. तुझ्यासाठी दुकानातला सगळ्यात भारी बसवते," ती म्हणाली आणि तिने म्हाताऱ्याच्या जागी एक चपटा, चकचकीत कपॅसिटर बसवला. प्रेमापोटीच बसवला. पण माझ्या जातीच्या रेग्युलेटरला इतका निर्दोष शेजारी चालत नाही. म्हाताऱ्याच्या अंगात थोडासा विरोध होता, विजेला तो किंचित अडवायचा, त्यामुळेच मी ताळ्यावर राहायचो. हे माझ्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. तिने ते उघडलंच नाही, कारण असे कपॅसिटर तिने शेकडो बसवले होते.

त्या दिवसापासून मी थरथरतो आहे. सेकंदाला हजारो वेळा पाचाच्या वर जातो, खाली येतो. त्याने सेन्सर गोंधळतो आणि भोंगा उगाच कोकलतो.

"दिवसातून दहा वेळा ओरडतो गं हा! सगळे बाहेर पळतात आणि साहेब माझ्यावर डाफरतात," दादाने तक्रार केली.

बहीण लगेच आली. तिने माझ्या पायांना मीटर लावला. "पूर्ण पाच! सप्लाय ठणठणीत आहे."

मीटर सरासरी दाखवतो, मित्रांनो. माझी थरथर पाहायला ऑसिलोस्कोप लागतो आणि तो तिच्या दुकानात धूळ खात पडला होता. तिचं बोट मला लागलं तसं चटका बसून तिने ते मागे घेतलं. "हा तर नेहमीच तापतो," असं म्हणून तिने सेन्सर बदलला. मी नेहमीपेक्षा दुप्पट तापलो होतो. मला फार भीती वाटली.

नवा सेन्सर आला तरी भोंगा ओरडतच राहिला.

"सोमवारी सगळा बोर्डच बदलते. तोवर भोंग्याची वायर काढू नकोस हं, दादा."

"छे गं, मी काय वेडा आहे?"

ती गेली आणि तासाभरात त्याने वायर काढली. मग भोंग्याबरोबर पेटणारा डब्यावरचा लाल दिवा डोळ्यांत खुपतो म्हणून त्यावर आपला रुमाल टाकला. मी त्याला दोष देत नाही. माझ्या खऱ्या आणि खोट्या हाकेत फरक तरी कुठे उरला होता?

आज शनिवार. सकाळपासून बर्नरच्या मागे नळीचा सांधा फुसफुसतो आहे. साबणाच्या उग्र वासात बाकीचे वास इथे बुडून जातात. सेन्सरने मात्र गॅस ओळखला आहे आणि दिवा रुमालाखाली पेटला आहे. मी थरथरत का होईना, त्याला वीज पुरवतो आहे.

मित्रांनो, एखादं यंत्र खोटं ओरडू लागलं तर आधी त्याचं तोंड बंद करू नका. त्याला काय होतंय ते शोधा. एका आकड्यावर समाधान मानून उठू नका, त्याच्या आजूबाजूलाही बघा. मला अजून बरंच सांगायचं होतं. पण दादा आत आला आहे. त्याने बाह्या सरसावल्या, तो विझलेल्या बर्नरपाशी वाकला, आणि आता खिशात लायटर चाचपतो आहे.