एकशे सातचे एक्याऐंशी

तीन महिने तिचं गणिती मॉडेल सांगत होतं की औषध वाहून नेणारे हे चरबीचे कण ऐंशी नॅनोमीटरचे असणार. आणि तीन महिने मापायचं मशीन एकशे सातवर अडून बसलं होतं. तिच्या गाईड मॅडम म्हणाल्या, "अगं, मशीन कशाला खोटं बोलेल? मॉडेल मोडीत काढ." पीएचडीचं तिसरं वर्ष आणि पदरात काय, तर चुकलेलं मॉडेल!

त्या दुपारी रागारागात नमुना भरताना दोन थेंब हातमोज्यावर सांडले आणि बोटं एकमेकांना चिकटली. साखर! गोठवताना कण फुटू नयेत म्हणून तिनेच घातलेली. ती जागच्या जागी थबकली. कण किती भराभर थरथरतो ते मशीन बघतं आणि हळू दिसला की त्याला जाडा ठरवतं. पण साखरेच्या दाट पाण्यात कोणीही हळूच हलणार! तिचा काडीपहिलवान मामाही चिखलातून हळूच चालतो, म्हणून त्याला कोणी लठ्ठ म्हणतं का?

तिने मशीनचं सेटिंग उघडलं. 'द्रव: पाणी.'

"हात्तिच्या!" ती ओरडली. तिथे साखरपाण्याचा दाटपणा भरला आणि माप पुन्हा घेतलं.

एक्याऐंशी!

ती धावतच मॅडमच्या खोलीत शिरली. मॅडमनी आकडा पाहिला, सेटिंग पाहिलं आणि "शाब्बास गं पोरी!" म्हणत टेबलावर थाप मारली. मग तो हात तिथेच राहिला.

"माझा गेल्या वर्षीचा पेपर काढ बरं," त्या हळूच म्हणाल्या. "त्यातही साखर होती."