पिराचं वाडगं

मवजुना पामीरच्या एका दरीत शाळेत इतिहास शिकवायची आणि देवाधर्मावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. माणसांना धाकात ठेवायला आणि आपापल्या जागी बसवायला धर्म निघाला, असं ती मुलांना सरळ सांगे. तरी गाव तिच्यावर रागवत नसे, कारण पिराचं ठाणं सांभाळणारी दौलतमो तिची सख्खी आत्या होती.

ठाणं म्हणजे झऱ्यालगतची दगडी खोली, भिंतीवर रानबोकडांची शिंगं. पिराने इथे काठी आपटली, पाणी फुटलं, आणि पहिलं वाडगं तो वरच्या वाडीतल्या किमतशोच्या पूर्वजाच्या हातून प्याला, अशी कथा. म्हणून वरच्या वाडीचं जव भिजेपर्यंत खालच्या वाडीला थेंब नाही. खालचा गहू दर साली करपायचा.

त्या वसंतात मवजुनाने दोरी धरून पाट मोजला, दोन्ही वाड्यांच्या पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता केला, शाळेच्या दारावर लावला. तीन दिवसांत कुणीतरी बांध फोडून पाणी वर वळवलं. ती जाब विचारायला गेली, तर किमतशो मिशीत हसला.

"बाई, या कागदावर पिराची सही कुठंय?"

ती तणतणत आत्याकडे गेली. म्हातारी खारट दूधचहात रोटी कुस्करत होती.

"तुझ्या पिरापायी माणसं उपाशी राहतायत, आत्या."

"त्याला कशाला बोलतेस? वाडगं त्याचं नाहीच. किमतशोच्या आजोबांनी ठाण्याच्या छपरासाठी बैल दिला, त्या साली माझ्या आजोबांनी ते गोष्टीत घुसडलं."

मवजुना बघतच राहिली. "आणि तू जन्मभर तेच सांगत आलीस?"

"आले सांगत." दौलतमोने मान खाली घातली. "आधी झऱ्यावर कुदळी निघायच्या गं. गोष्ट आली आणि डोकी फुटायची थांबली. खालच्यांच्या पोटावर मात्र पाय आला, ते खरं."

"मग चारचौघांत सांग."

"बैल बाहेर काढला तर पुन्हा कुदळी निघतील. चहा पी."

पुढच्या वसंतात नव्या हंगामाचं पाणी सोडायच्या दिवशी दोन्ही वाड्या जमल्या. दौलतमोने रिवाजाप्रमाणे ठाण्याच्या भिंतीला शुभाचं पीठ लावलं, कथा सुरू केली, आणि वाडग्यापाशी जराशी थांबली.

"पीर अर्धंच प्याला," ती म्हणाली. "उरलेलं त्याने खालच्या वाडीला दिलं. एक दिवस वर, एक दिवस खाली."

किमतशो मवजुनाकडे वळला.

"बाई, तुम्ही पोरांशी खोटं बोलत नाही म्हणतात. हे खरं आहे?"

आत्या शिंगांकडे बघत उभी होती. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर गहू गेला.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या गोष्टीइतकंच खरं आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं. किमतशोने दौलतमोकडे पाहिलं. बैलाचं त्यालाही ठाऊक असावं. तो कानापर्यंत लाल झाला, फावडं उचललं आणि खालच्या पाटाचा बांध त्यानेच उघडला.

पुढेही पाणी चोरलं गेलं, पण क्वचित. गहू भरला. नव्या पिठाची रोटी घेऊन खालच्या वाडीतली मोहबेगीम आली ती थेट ठाण्यात. दारातल्या मवजुनाकडे न बघता आत गेली, रोटी पिरापुढे ठेवली, डोकं टेकलं, गेली.

"उन्हातान्हात फिरले मी, आणि मान त्याला!" मवजुना पुटपुटली.

आत्याने रोटी मोडली, मोठा तुकडा तिच्या हातात कोंबला.

"खा गं. त्याला कुठे दात आहेत!"