निळ्या वहीतली नावं

मोहिनीचा फोटो पेपरात आला त्या दिवशी मी चहा न पिताच कामावर गेलो. फोटोत ती, शेजारी तो पिवळा पडलेला कॉम्प्युटर, आणि वर मथळा : 'भंगारातून वाचला आदिवासींचा पुरावा'. त्या कॉम्प्युटरचं बटण नाशिकमध्ये पहिल्यांदा मी दाबलं होतं. फ्लॉपी कुठल्या बाजूने घालायची हेसुद्धा मोहिनीला मीच शिकवलं. ती उलटी घालायची. पण हे पेपरवाल्याला कोण सांगणार?

१९९३ साली आम्ही दोघं एकाच संस्थेत होतो. पेठ तालुक्याकडच्या डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमिनीवर भात-नागली करायची, पण सातबारा कुणाच्याच नावावर नव्हता. वनखात्याची माणसं अतिक्रमण म्हणून दंड करायची आणि पावती फाडायची. म्हणजे अमुक साली अमुक माणूस तिथे कसत होता, याचा एकच कागद, तोही दंडाचा. आमच्या लोकांनी पाड्यापाड्यावर फिरून अकराशे कुटुंबांच्या पावत्यांचे नंबर आणि तारखा उतरवून आणल्या. त्या मी कॉम्प्युटरवर चढवल्या. मोहिनी शेजारी बसून वाचून दाखवायची.

फ्लॉपीत जागा थोडी आणि मराठी नावं जागा फार खायची. शिवाय, खरं सांगायचं तर, मला टाइप करायचा कंटाळा. म्हणून मी प्रत्येक पाड्याला आणि माणसाला नंबर देऊन टाकला. चौदा नंबरच्या पाड्यावरचा त्रेसष्टावा माणूस म्हणजे बुधा भोये. कुठला नंबर कुणाचा, ते एका निळ्या वहीत लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. मी नोकरी सोडून अंबडच्या एका कारखान्यात टाइमकीपर झालो, तेव्हा वही माझ्याबरोबर घरी आली. ती मी चोरली नव्हती, पण परतही केली नाही.

२००१ मध्ये संस्थेने जुनं सामान भंगारात काढलं, तर मोहिनीने तो कॉम्प्युटर फ्लॉप्यांसकट रिक्षात घालून घरी नेला. "रुखवतात मांडणार आहेस का?" असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, "आमचे वडील सांगायचे, आपल्या माणसांचा कागद दुसरा कुणी सांभाळत नाही." दर चौदा एप्रिलला मिरवणुकीला निघण्याआधी ती तो कॉम्प्युटर तासभर चालवायची आणि फ्लॉप्या तपासायची. वर्षातून एकदा असा चालवला म्हणून तो जिवंत राहिला. मी हे ऐकून चार लोकांत हसलो होतो.

मग नवा वनहक्क कायदा आला. डिसेंबर २००५च्या आधीपासून कसत असल्याचा पुरावा द्या, जमीन तुमची. तोवर पावत्या उंदरांनी आणि गळक्या छपरांनी खाल्ल्या होत्या. वनखात्याच्या कचेरीत राहिलेल्या त्यांच्या नकला, म्हणजे स्थळप्रती, नंबर-तारीख असल्याशिवाय सापडणार नव्हत्या. नंबर-तारीख होती ती फक्त मोहिनीच्या घरात. पेपरवाले धावत आले. ते फोटो काढून गेल्यावर मोहिनीच्या लक्षात आलं, की पडद्यावर नावांच्या जागी नुसते आकडे आहेत.

गुरुवारी तिचा फोन आला. मी नाशिकरोडला तिच्या घरी गेलो. बुधाची बायको भागीबाई जमिनीवर बसली होती. हातात पिशवी, पिशवीत काहीच नाही.

"धनराजभाऊ, नावांची एक वही होती ना आपली?" मोहिनीने विचारलं.

आपली! पंधरा वर्षं माझं नाव कुणी घेतलं नाही, आणि वहीची गरज लागली तेव्हा ती आपली झाली.

"होती. संस्थेतच राहिली असेल," मी म्हणालो.

"संस्थेत नाही. मी शोधलं."

"मग गेली असेल भंगारात. सगळंच काही तुझ्या घरी थोडंच आलं?"

भागीबाईने माझ्याकडे पाहिलं. "मंगळवारी आमची सुनावणी हाय, दादा. मालक जायचे हायेत."

"बघतो," म्हणालो. घरी आलो. वही कपाटात रेशनकार्डाच्या खाली होती. हात लावला नाही. दोन दिवस नाक घासू दे, मग देऊ, असं मनाशी ठरवलं. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी पेपरात तिच्यावर आणखी एक लेख. कुणा प्राध्यापकाने लिहिलं होतं, की जुनी यंत्रं जपणं हा छंद नव्हे. ज्यांचा इतिहास त्या यंत्रांतच अडकलाय त्या माणसांच्या हक्काचा तो प्रश्न आहे. लेख बरोबर होता, म्हणूनच जास्त झोंबला. मंगळवारीही मी वही नेली नाही.

बुधाचा दावा पुराव्याअभावी फेटाळला गेला.

हे मला पुढच्या रविवारी कळलं. मोहिनी कशी रडकुंडीला आली असेल ते पाहायला गेलो होतो. तर तिच्या दारात चपलांचा ढीग. आत पेठकडची तीसेक माणसं. मोहिनी पडद्यावरची तारीख मोठ्याने वाचत होती. "अकरा जुलै अठ्ठ्याऐंशी. एका दिवसात सात पावत्या. कुणाला आठवतं?"

"तवा नाल्याला पूर व्हता," एक म्हातारा म्हणाला. "आमच्या पाड्यावर फाडल्या त्या. माझा बैल त्याच दिशी गेला." दुसऱ्याने आणखी दोन नावं जोडली. मोहिनी लिहून घेत होती. पंधरा पानं भरली होती.

माझी वही नसतानाही तिचं जमत चाललं होतं. आणखी महिनाभरात ती सगळ्यांची नावं लावणार, आणि मग माझ्या वहीला रद्दीचाही भाव येणार नाही. मला त्या माणसांची दया आली, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मला भीती वाटली. तशीच स्कूटर मारली, वही आणली आणि मोहिनीच्या पुढ्यात ठेवली. "माळ्यावर सापडली," म्हणालो.

तिने वही कपाळाला लावली. तीस माणसं माझ्याकडे पाहत होती. याच नजरेसाठी मी पंधरा वर्षं कुढत होतो.

पुढे माझाही फोटो आला. संस्थेने शाल-श्रीफळ दिलं. मोहिनीने भाषणात माझंच नाव पहिलं घेतलं, फ्लॉपी उलटी घालायची तेही स्वतःच सांगितलं. लोक हसले. मला तिचा मत्सर करायलाही काही उरलं नाही.

नंबर जुळले, स्थळप्रती निघाल्या, एकामागून एक दावे मंजूर होऊ लागले. बुधाचा मात्र आधीच निकाली निघाला होता. त्याला अपील करावं लागणार होतं, आणि अपिलाला किती वर्षं लागतील ते कुणी सांगेना. दावा फेटाळला म्हटल्यावर त्याने त्या वर्षी पेरलंच नाही. तो द्राक्षबागांत मजुरीला निघून गेला. अपिलाचा अर्ज टाइप करायला मोहिनीने मला बोलावलं. "तुमचा हात साफ आहे," म्हणाली.

भागीबाई समोर बसली. तिने माझ्यासाठी किलोभर नागली आणली होती. "बाकीच्यांचं झालं तुमच्यामुळं," ती म्हणाली. "आमचीच तारीख आधी पडली. नशीब."

अर्जात शेवटचा रकाना होता : पुरावा वेळेत सादर न करण्याचे कारण. मी थांबलो. मोहिनी आत चहा टाकत होती.

"काय लिवायचं त्यात?" भागीबाईने विचारलं.

मी टाइप केलं : 'संगणक जुना असल्यामुळे माहिती मिळण्यास विलंब झाला.' तिला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली. मी शाईचा पॅड पुढे सरकवला आणि तिने त्या वाक्याखाली अंगठा उठवला.