स्क्रीनमधले आबाजी

मोटारगाडीपुढे चपला काढून उभी राहिलेली माणसं तुम्ही कधी पाहिलीत? मी पाहिली. नागपुरात, मानेवाड्याला, आमच्याच गल्लीत, समोरच्या मनोहररावांच्या फाटकात. पांढरीशुभ्र नवी गाडी, चारही दारं उघडी, आणि भोवती पन्नासेक माणसं हात जोडून. एका बाईंनी पुढच्या टायरला हळदकुंकू वाहिलं आणि वाकून नमस्कार केला. टायरने आशीर्वाद दिल्याचं काही दिसलं नाही, पण बाई समाधानाने मागे सरकल्या.

गर्दीचं कारण गाडीच्या आत होतं. डॅशबोर्डवरच्या स्क्रीनवर मनोहररावांचे वडील आबाजी दिसत होते. फेटा, मिशा, कपाळावर गंध. खाली त्यांचं नाव आणि त्याखाली 'कॉल चालू आहे' ही अक्षरं. आबाजी तीन वर्षांपूर्वी वारलेले. गाडी बंद करा, चालू करा, स्क्रीनवर बोट आपटा, आबाजी ढिम्म हलत नव्हते. जिवंतपणीही ते कोणाचं ऐकून जागचे हलत नसत, त्यामुळे लोकांना खात्रीच पटली.

हे सगळं सुरू झालं सोमवारी दुपारी चारला. मनोहररावांची बायको शोभाताई. तिच्या हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या, बायपास करायचं ठरलेलं, आणि सोमवारी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. निघताना शकुन म्हणून मनोहररावांनी गाडीत ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं. बॉनेटवर एक होतंच, पण दवाखान्याचं काम म्हणून आतूनही हवं. आणि नव्या गाडीत आत सपाट जागा ती किती? एकच, ती स्क्रीन. तिच्यावर बोटभर जाड, निथळतं स्वस्तिक काढून मंडळी निघाली.

मेडिकल चौकाच्या अलीकडे गाडीने आपणहून फोन लावला. आबाजींचा फोटो आला आणि स्पीकरमधून घरघर ऐकू आली. घरघरीच्या मधून एक पुरुषी आवाज म्हणाला, "कोन? कोन बोलून राहिलं?" मनोहररावांनी जागच्या जागी ब्रेक मारला. आबाजी दवाखान्यात, ऑपरेशननंतर, श्वासाच्या मशीनवर असतानाच वारले होते. शेवटचे चार दिवस मुलाने हीच घरघर ऐकली होती. फोन कटला, पण फोटो स्क्रीनवर तसाच राहिला, आणि मनोहररावांनी गाडी वळवून घरी आणली. वडील म्हणतात ऑपरेशन नको, म्हणजे नको.

मी त्या वेळी हसले. बत्तीस वर्षं आयटीआयमध्ये गाड्यांचं वायरिंग शिकवून निवृत्त झालेली बाई आणखी काय करणार? मला वाटलं, दोन दिवसांत सर्व्हिस सेंटरचा माणूस येईल आणि आबाजींना मोक्ष मिळेल. पण सर्व्हिस सेंटरच्या आधी महाराज आले.

कोणा नातलगाने कळमेश्वरहून आणलेले हे महाराज यंत्रातल्या आत्म्यांचे खास जाणकार. भगवी कफनी, दाढी, पाची बोटांत अंगठ्या, मनगटात तांब्याचं जाड कडं. त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या, बंपरला कान लावला आणि प्रवचन सुरू केलं. "ब्लूटूथ दिसते का? नाही दिसत. जोडते का? जोडते. मंग आत्म्यावर शंका काहून घेता?" गर्दीने माना डोलावल्या. या न्यायाने आमच्या गल्लीतल्या गटाराचा वासही आत्माच ठरतो, पण तेवढा मुद्दा कोणी काढला नाही.

महाराजांचा कार्यक्रम रोज संध्याकाळी सहाला. आधी अंगठ्या आणि कडं काढून ताटात ठेवायचं, त्यावर भक्तांनी 'काय वैराग्य!' म्हणायचं. मग डॅशबोर्डवर भगवं कापड टाकून, हात आत घालून मंत्र म्हणायचा. मंत्र संपला की कापड दूर, आणि स्क्रीन काळी ठार. आबाजी गेले! मग त्या काळोखात एक पांढरं चिन्ह उजळायचं आणि गर्दी 'ज्योत, ज्योत' करत गालावर मारून घ्यायची. ते गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह होतं. त्यानंतर महाराज ताज्या ओल्या कुंकवाने स्वस्तिक रेखायचे, आबाजी परत यायचे, घरघर सुरू व्हायची आणि झांजा वाजू लागायच्या. महाराजांची ताकीद एकच होती. आत्मा बोलला तर ऐकायचं, उलट बोलायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही.

आत्म्याची मागणीही महाराजांनाच कळत होती. शोभाताईने एकवीस दिवस भस्माचं पाणी प्यावं, चाकू लावून घेऊ नये, आणि बाविसाव्या दिवशी गाडी आश्रमाला अर्पण करावी. बापाचा जीव डॅशबोर्डमध्ये अडकला, तर सोडवायला गाडीच न्यायची, तीही नवी, वॉरंटीतली. जुन्या स्कूटरमध्ये कोणाचा आत्मा अडकल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी मनोहररावांची मुलगी हिमानी माझ्याकडे आली. पोरगी दारातच रडायला लागली. बाबांनी आईच्या गोळ्या दोन दिवसांपासून बंद केल्या होत्या. रात्रभर आईला उशीला टेकून बसावं लागत होतं, आणि डॉक्टर फोनवर सांगत होते की आता एकेक दिवस महत्त्वाचा आहे. बाबा फोन घेत नव्हते.

माझं हसणं तिथल्या तिथे विझलं. खरं सांगते, मला स्वतःची लाज वाटली. चार दिवस मी गच्चीवरून गंमत पाहत होते, आणि समोरच्या घरात एका बाईचा श्वास कोंडत होता. आधी हिमानीकडून डॉक्टरांना फोन लावून घेतला, त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या पुन्हा सुरू करवल्या, आणि संध्याकाळी सहाला चपला न काढता गाडीच्या अगदी दाराशी जाऊन उभी राहिले.

महाराजांनी अंगठ्या काढल्या, कडं काढलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या वर्कशॉपचा पहिला नियम. गाडीच्या वायरिंगला हात लावण्याआधी अंगावरचा धातू काढून ठेवायचा, नाहीतर शॉर्ट होऊन बोट भाजतं. बत्तीस वर्षं दर जूनमध्ये मी हेच पहिलं वाक्य बोलले. दाढीमागचा चेहरा नीट पाहिला. शेवटून दुसरा बाक, खिडकीजवळचा. धर्मेंद्र! ऑटो इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, पहिल्या वर्गात पास. नापास झाला असता तर मला इतका राग आला नसता.

महाराजांनी कापडाला हात घातला तशी मी म्हणाले, "महाराज, आज कापड राहू द्या."

"बाई, कापडाविना ते तेज सहन होत नाही," महाराज डोळे मिटूनच बोलले.

"मले होते. वेल्डिंगच्या शेडशेजारी नोकरी गेली माही. डोळे उघड गा धर्मेंद्र."

त्याने डोळे उघडले आणि तोंडातून निघून गेलं, "मॅडम..." गर्दीत कुजबुज झाली. महाराजांना मॅडम असतात, ही कल्पना कोणी केली नव्हती. मी सगळ्यांदेखत विचारलं, अंगठ्या काहून काढतोस ते यांना सांग. मग मीच वर्कशॉपचा नियम सांगितला; डॅशबोर्डला हात लावताना त्याची जुनी सवय सुटली नव्हती. वैराग्याचं ते ताट कोणीतरी हळूच खाली ठेवलं.

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले. आवाज कमी-जास्त करायचं गोल बटन दाबून धरलं आणि मोठ्याने आकडे मोजायला लागले. धर्मेंद्राचा मंत्र होता तो एवढाच, एक ते दहा. दहाला स्क्रीन काळी झाली, मग ज्योत आली, मग रेडिओवर पंख्याची जाहिरात लागली. मी सांगितलं की ही स्क्रीन म्हणजे एक लहानसा कॉम्प्युटर आहे. त्याला एकाच वेळी शंभर हुकूम मिळाले की तो गांगरतो आणि आहे तिथेच अडकतो. गाडी बंद केली तरी हा पुरता बंद होत नाही, नुसती डुलकी काढतो, म्हणून जागा झाला की तेच चित्र दाखवतो. हे बटन दाबून धरलं की तो पहिल्यापासून सुरू होतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक आपण प्लॅस्टिकमधून बाहेर काढत नाही.

लोक ऐकत होते, काही तर हसूही लागले. एवढ्यात मनोहरराव गर्दीतून पुढे आले आणि लहान मुलासारखे म्हणाले, "मॅडम, माहे बाबा गेले."

माझा सगळा तोरा त्या वाक्याने उतरला. माणूस तीन वर्षांनी बापाला दुसऱ्यांदा गमावत होता, आणि हे माझ्या हातून होत होतं. मी म्हणाले, "मनोहरराव, बसा बाजूला. मी पुन्हा बोलावते."

पळीभर पाण्यात कुंकू कालवलं आणि स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात स्वस्तिक काढलं. ही स्क्रीन बोटाचा दाब ओळखत नाही, अंगातून वाहणारी बारीकशी वीज ओळखते. ओलं कुंकूही तिला बोटासारखंच वाटतं. त्या कोपऱ्यात फोनचं चिन्ह आहे. पाणी ओघळलं, चिन्ह दाबलं गेलं, मनोहररावांच्या फोनमधल्या नावांची यादी उघडली. दुसरा ओघळ आला आणि यादीतलं पहिलं नाव दाबलं गेलं. आबाजी हे इंग्रजीत दोन 'ए' लावून लिहिलेलं नाव पहिलंच असणार, आणि बापाचा नंबर पुसायला कोणत्या मुलाचा हात धजतो? आबाजींचा फोटो आला. घरघर सुरू झाली. धर्मेंद्र घाईने म्हणाला, बोलू नका, आत्मा कोपेल.

मी म्हणाले, "नमस्कार. आपण कोण बोलता?"

घरघर थोडी लांब गेली, दार लोटल्यासारखा आवाज झाला, मग माणूस स्पष्ट ऐकू आला. "मी जयवंता बोलून राहिलो, हिंगण्याहून. कंपनीत दुसऱ्या शिफ्टले असतो. तुम्ही कोन जी? रोज सहाले फोन करता, अन् नुसत्या झांजा वाजवता."

त्याला हा नंबर कधीपासून मिळाला ते मी विचारलं. वर्ष झालं, म्हणाला, नवीन सिम घेतलं तेव्हा दुकानदाराने हाच दिला. बंद पडलेला नंबर मोबाइल कंपन्या दुसऱ्याला देतात, हे मला माहीत होतं आणि धर्मेंद्रलाही. घरघर त्याच्या लेथ मशीनची होती.

"मग चुकीचा फोन आहे म्हणून कापत काहून नाही, भाऊ?"

जयवंता म्हणाला, "पहिल्या दिवशी कापला होता जी. मंगळवारपासून एक माणूस रडते त्याच्यात. बाबा, बाबा म्हणते. कापावं वाटत नाही. मी चालूच ठेवतो अन् खिशात टाकतो, रडू दे म्हणतो."

मनोहररावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कशाला? इथे पन्नास भक्त आणि एक महाराज होते, पण त्या माणसाचं दुःख एकट्या जयवंताला कळलं होतं, आणि तो हिंगण्याला मशीनवर उभा होता.

तेवढ्यात पायरीवर शोभाताई दिसली. कठड्याला धरून, एकेक पायरी थांबत उतरत होती. खांद्याला सोमवारी भरलेली दवाखान्याची पिशवी होती. आठ घरांच्या बायका रोज अंगणात येऊन गेल्या, पण ती पिशवी अजून भरलेलीच आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ती गाडीपाशी आली आणि नवऱ्याला शांतपणे म्हणाली, "माह्या ऑपरेशनचं तुम्ही आबाजीले विचारलं, महाराजले विचारलं, गाडीले विचारलं. मले एकदा तरी विचारलं काय?"

खिशातला रुमाल काढून मनोहररावांनी स्क्रीनवरचं कुंकू पुसलं, अगदी कोपऱ्यापर्यंत. मग मागचं दार उघडून बायकोची पिशवी घेतली. ते बायकोशेजारी बसले, गाडी हिमानीने चालवली. या गडबडीत धर्मेंद्र नाहीसा झाला, अंगठ्या मात्र न विसरता घेऊन. पण जादूटोण्याविरुद्ध या राज्यात कायदा आहे. ठाण्यात तक्रार लिहून देताना त्याच्या शिक्षणाच्या रकान्यात मी माझ्या आयटीआयचं नाव लिहिलं.

शोभाताईचं बायपास रविवारी झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर सांगता आलं नसतं. आता ती संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येते आणि मला गच्चीवरून खाली बोलावते. आबाजींचा फोटो बैठकीत भिंतीवर लागलाय. त्यांच्या नंबरापुढे आता जयवंताचं नाव आहे, आणि दिवाळीला तो बायको-पोरांसह फराळाला येऊन गेला.

मला एवढंच सांगायचंय. स्क्रीन अडली तर पुस्तक उघडा आणि बटन दाबून धरा. छातीत दुखलं तर डॉक्टरकडे जा. बापाची आठवण आली तर रडा, त्याला महाराज लागत नाही. आणि पलीकडून कोणाचा आवाज आला, मग तो देवाचा म्हणा, भुताचा म्हणा, तर घाबरू नका. पन्नास माणसं चार दिवस कान देऊन ऐकत होती, पण 'आपण कोण' हे कोणी विचारलं नव्हतं. तेवढं विचारा. आणि दुखणं ज्याचं आहे, त्यालाही विचारा.