नमुन्याची फिल्म

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नव्या डॉक्टरीणबाई एक्स-रेच्या खोलीत आल्या, भिंतीवरच्या दिव्याच्या पेटीवर लावलेल्या फिल्मपाशी थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "हा पेशंट कुठे आहे?"

फोटोकाका म्हणाले, तो पेशंट नाही, नमुना आहे.

सव्वीस वर्षं ते या खोलीत लोकांच्या छातीचे फोटो काढत होते, म्हणून सगळं इस्पितळ त्यांना फोटोकाका म्हणे. यंत्राची दुरुस्ती झाली की चाचणीसाठी ते स्वतःच्याच छातीचा फोटो काढत. नियमात बसत नव्हतं, पण कोणी हटकलंही नव्हतं. काळं किती काळं, पांढरं किती पांढरं, बरगड्यांच्या कडा रेखीव आल्यात का, एवढंच पाहायचं आणि वहीत 'यंत्र ठीक' लिहायचं. सहा महिन्यांपूर्वीची फिल्म इतकी देखणी उतरली की त्यांनी ती पेटीवरच लावून टाकली. शिकायला कोणी आलं की बोट दाखवत, फिल्म अशी आली पाहिजे. तिच्यावर नाव घालायचं कोणाला सुचलं नाही.

"नमुना असला तरी कोणाचा तरी असेलच ना," बाई म्हणाल्या. त्यांनी फिल्मवर वरच्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, पेनाचं टोक टेकवलं. "हे काय आहे, काका?"

काका पुढे झाले. गेले सहा महिने रोज सकाळी पेटीचा दिवा लावून ते हिच्यासमोर उभे राहत आले होते. आज त्यांनी ती पहिल्यांदा वाचली. हाडाखाली धुक्याचा पुंजका होता. परक्या छात्यांमध्ये हा पुंजका त्यांनी इतक्यांदा ओळखला होता की फिल्म वाळायच्या आत ते माणसाला बाकावर थांबवून ठेवत. इतके दिवस आपण तिच्याकडे बघतोय असं ते धरून चालले होते. आता वाटलं, तीच बघत होती.

"माझा आहे," ते म्हणाले.

बाईंनी खिडकी उघडली, त्यांना मास्क दिला आणि ते स्वतः रोज जे प्रश्न विचारत, तेच त्यांना विचारले. दोन आठवड्यांवर खोकला? होता. फिल्म धुण्याच्या औषधाच्या वासानं येतो, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. संध्याकाळी कणकण? दमल्यासारखं व्हायचं खरं. वजन? पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली होती. बायको खूश होती, आठ वर्षांची साखर अखेर आटोक्यात येतेय म्हणून.

नवा फोटो काढायचं ठरलं. काकांनी सवयीनं यंत्र लावलं, पाटीला छाती टेकवली आणि रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकला. "श्वास घ्या. धरून ठेवा." काचेमागून बटण बाईंनी दाबलं. ओल्या फिल्ममध्ये पुंजका मोठा झाला होता आणि त्याच्या मधोमध पोकळी दिसत होती, आत कोणीतरी घर केल्यासारखी.

"हे केव्हा शिरलं माझ्यात?" काकांनी विचारलं.

ते आता कळायचं नाही, बाईंनी सांगितलं. या बंद खोलीत कोणीतरी खोकलं असेल, दहा वर्षांपूर्वी, कदाचित वीस. बहुतेकांच्या शरीरात हा क्षयाचा जंतू जन्मभर झोपून राहतो. साखर वाढली, वय झालं, अंगातली ताकद उतरली की उठतो. काकांना चेहरा कोणाचाच आठवेना. ज्याचा खोकला होता तो माणूस कदाचित केव्हाच गेलाही असेल. त्याचं एवढंच इथे राहिलं होतं, काकांच्या श्वासाबरोबर वरखाली होत.

"घरी कोण कोण?"

"बायको. मुलगी आलीय सध्या राहायला." ते थांबले. "आणि नात. अडीच महिन्यांची."

"जवळ घेता तिला?"

"माझ्या छातीवरच झोपते. दुसरीकडे डोळाच लागत नाही तिचा."

"खोलीची खिडकी?"

"बंद असते. वारं लागू नये म्हणून."

बाईंनी लिहिणं थांबवलं. तान्ह्या मुलांच्या अंगात हा जंतू झोपायची वाट बघत नाही, त्या म्हणाल्या. आजच्या आज आणा.

काकांनी बेडका नमुन्याच्या डबीत दिला, झाकण लावलं आणि घरी फोन केला. खिडक्या उघड, बाळाला घेऊन या, मी जवळ येणार नाही. बायकोला आधी हे नेहमीचं वाटलं. ती म्हणाली, "लाडावून ठेवलंय तुम्हीच. आता तुमच्याशिवाय झोप म्हणावं तिला." मग काकांनी फिल्ममध्ये काय दिसलं ते सांगितलं.

"कधीपासून आहे हे?" तिनं विचारलं.

"सहा महिन्यांपूर्वीच्या फिल्ममध्ये आहे."

"म्हणजे ती जन्मायच्या आधीपासून."

"हो."

दुपारी चारला काकांच्या बेडक्याच्या तपासणीचा निकाल आला. जंतू सापडले होते. बायको आणि मुलगी दोघींचे फोटो दुसऱ्या माणसानं काढले, ते स्वच्छ आले. इस्पितळाच्या अंगणातल्या बाकावर बसलेल्या काकांपासून दहा पावलांवर मुलगी थांबली. बाळ तिच्या खांद्यावर जागं होतं. तिनं तिथूनच सांगितलं, खोकला नाही, ताप नाही, तान्ही बाळं बेडका गिळतात म्हणून पोटातलं पाणी काढून तपासायला पाठवलंय, तीन दिवसांनी कळेल. बाळाचं वजन मात्र मागच्या महिन्याएवढंच भरलं, वाढलं नव्हतं.