सैल वाद्यांचा हातमोजा

मित्रांनो, माझी जोडी शोधू नका. तुमच्या थंडीच्या मोज्यांसारखे आम्ही दोघे नसतो. मी एकटाच शिवला गेलो, डाव्या हातासाठी, आणि तो डावा हात होता बेसबॉलच्या एका पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा. आता मी म्हातारा झालो आहे. नेब्रास्कातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांशेजारी, फळीवर बसून असतो. बोलायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मिसुरीतल्या एका कारखान्यात झाला. कातडे बैलाचे, चांगले जाड. एका बाईने गुणगुणत माझ्या बोटांमधून चामड्याच्या वाद्या ओवल्या आणि त्या अशा करकचून आवळल्या की मला मूठ मिटता येईना. मला वाटले, काय ही दुष्ट बाई! ती किती शहाणी होती हे कळायला मला नऊ वर्षे लागली.

एकोणीसशे शहात्तर साली ग्लेन टेस्मरने मला दुकानातून उचलले. तो बावीस वर्षांचा होता, उंच, हडकुळा, आणि नुकतेच त्याचे लग्न झाले होते. नवा मोजा लाकडासारखा असतो, त्याला वळण लावावे लागते. ग्लेनने मला दाढीचा फेस चोळला, तेल पाजले, पोटात चेंडू कोंबून दोरीने बांधले आणि गादीखाली सरकवले. नेमके त्याच्या बायकोच्या, डार्लाच्या बाजूला.

"ग्लेन, माझ्या पाठीत काय रुततंय?"

"मोजा आहे. महिनाभर सोस."

"महिनाभर! आई सांगत होती ते खोटं नव्हतं."

"काय सांगत होती?"

"विमा विकणाऱ्याशी लग्न कर म्हणत होती."

तरी तिने मला हलवले नाही. महिनाभर सोसले. ग्लेनच्या पुढच्या यशात तिच्या पाठीचाही वाटा आहे, हे कुठे लिहिलेले सापडणार नाही, म्हणून मी सांगून ठेवतो.

आता ग्लेनचे काम ऐका. आमचा खेळ नऊ डावांचा. पहिला पिचर दमला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या मदतीला दुसरा धावतो. ग्लेन हा तो दुसरा. सामना जिंकला तर कौतुक पहिल्याचे, आणि हरला तर सगळी बोटे दुसऱ्याकडे. असे मदतीचे पिचर मैदानाच्या टोकाला, कुंपणामागे एका बाकावर बसतात. त्या जागेला तिथले लोक बैलांचा गोठाच म्हणतात. मी बैलाच्या कातड्याचा, तेव्हा गोठा काही मला चुकला नाही. तिथे भिंतीवर एक फोन असतो. तो वाजला की कोणीतरी उठायचे आणि हात गरम करायचा. ग्लेन उठून वीस चेंडू टाकी, मग फोन पुन्हा वाजे, की नको, राहू दे, बसव त्याला. कधीकधी एका दुपारी तीनदा उठायचे आणि तीनदा बसायचे, मैदानात पाऊलही न टाकता.

"बस रे नवरदेवा, वरात परत फिरली," असे ऑरेलिओ म्हणायचा. ऑरेलिओ व्हेनेझुएलाचा, गोठ्यातला कॅचर. पिचरांचे हात गरम होईपर्यंत त्यांचे चेंडू झेलायचे, एवढेच त्याचे काम. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

नऊ वर्षे आम्ही लहान संघांतून फिरलो. रात्रभराचा बसप्रवास, थंड सँडविच, सूर्यफुलाच्या बिया. मोठ्या संघात जाणे हे ग्लेनचे एकच स्वप्न होते. एकदा तिथे गेलो आणि टिकलो की झाले, असे तो म्हणायचा. कोणाला म्हणायचा? मला! पिचर मैदानात बोलतो तेव्हा ओठ दिसू नयेत म्हणून तोंडावर मोजा धरतो. ग्लेन एकटा असला तरी धरायचा आणि माझ्या तळव्यात पुटपुटायचा. शिव्या, देवाचे नाव, डार्लाचे नाव, सगळे माझ्या पोटात आहे. मित्रांनो, कोणी आपल्याला इतक्या जवळून काही सांगावे, यासारखे सुख मी दुसरे पाहिले नाही.

त्याचे हत्यार म्हणजे संथ चेंडू. हात असा जोरात फिरायचा की फलंदाजाला वाटे, गोळीच सुटली. चेंडू मात्र रमतगमत यायचा, आणि फलंदाजाची काठी आधीच फिरून गेलेली असायची. तो चेंडू टाकण्यासाठी ग्लेन त्याला उजव्या तळहातात खोल रुतवायचा. ही सगळी जुळवाजुळव माझ्या आत, माझ्या आडोशाने चाले. ती झाकणे हे माझे काम, आणि मी ते चोख करीत असे.

पण वयाबरोबर मी मऊ झालो. ज्याच्या त्याच्या हातात जाऊन आलो, आणि जो तो म्हणे, "काय मोजा आहे! अगदी लोणी!" मी फुशारून जाई. स्तुतीने माणसे सैल होतात, तसाच मीही झालो. माझ्या वाद्या ढिल्या पडल्या.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात ग्लेनला सूर गवसला. सलग एकोणीस डाव त्याने एकही धाव दिली नाही. आता तुम्हाला पिचरांची एक खोड सांगतो. नशीब साथ देत असले की ते कशालाही हात लावू देत नाहीत. ग्लेन रोज तेच सँडविच खाई, बाकाच्या त्याच टोकाला बसे, पांढरी रेघ डाव्या पायानेच ओलांडी. एका दुपारी ऑरेलिओने मला उचलून पाहिले.

"ग्लेन, वाद्या लोंबायला लागल्यात रे. अर्धा तास दे, आवळून देतो."

"खबरदार हात लावलास तर! एकोणीस डाव झालेत. चाललंय ते चालू दे."

"मग पायमोजेपण धुतले नसशील?"

"डार्लाने धुतले, मला न विचारता. दोन दिवस झोपलो नाही मी."

"तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे व्हेनेझुएलाला परत गेलेलं बरं," असे म्हणून ऑरेलिओने मला खाली ठेवले. मित्रांनो, मलाही बरेच वाटले. आवळून घ्यायला कोणाला आवडते?

चारच दिवसांनी मॅनेजरने ग्लेनला बोलावून सांगितले, "सामान बांध. मोठ्या संघाचं बोलावणं आहे." वय वर्षे एकतीस. ग्लेनने बोळातल्या फोनवरून डार्लाला कळवले. फोन ठेवल्यावर त्याने मला तोंडावर धरले आणि तो हुंदके देऊन रडला. मी ओला झालो. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

मोठ्या मैदानातला पहिला सामना आम्ही गाजवला. तीन फलंदाज आले, तिघेही बाद. दुसऱ्या वेळीही निभावले. पण तिसऱ्या वेळी कुठेतरी माशी शिंकली. समोरचा संघ ग्लेनचे संथ चेंडू असे मारू लागला, जणू प्रत्येक चेंडूआधी त्यांना चिठ्ठी येत होती. कोणी फसेना, कोणी घाई करीना. चार धावा गेल्या. चौथ्या वेळी पाच.

त्या चौथ्या सामन्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. फलंदाज ग्लेनच्या हाताकडे बघतच नव्हता, तो माझ्याकडे बघत होता. आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला त्यांचा प्रशिक्षकही माझ्याकडेच टक लावून होता. वेगवान चेंडू असला की तो फलंदाजाला नावाने हाक मारून ओरडे, "चल रे पीट!" संथ असला की ओरडे, "चल रे गड्या!" एकदाही चुकला नाही. कसा चुकेल? संथ चेंडूसाठी ग्लेनने आत हात रुतवला की माझी सैल बोटे पंख्यासारखी फाकत होती. झाकायचे काम ज्याचे, तोच मी सगळ्या जगाला गुपित सांगत सुटलो होतो.

ग्लेनने मला तोंडावर धरले. "काय चुकतंय माझं?" तो माझ्या तळव्यात म्हणाला. "काय चुकतंय रे?"

मित्रांनो, नऊ वर्षे त्याने मला सगळे सांगितले होते. मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती, आणि मला जीभ नव्हती. त्याचा गरम श्वास माझ्यावर येत होता. मी तसाच फाकलेला राहिलो.

नवव्या दिवशी त्याला परत पाठवले.

आमच्या जुन्या गोठ्यात ऑरेलिओ भेटला. त्याने समोर बसून चेंडू मागितले. दहाबारा झेलले आणि तो उठून उभा राहिला.

"संथ टाक. हं. आता वेगवान. आता परत संथ." मग तो चालत आला. "अरे बाबा, तुझा मोजा फाकतोय. कपाटाचं दार उघडं टाकून चोर शोधत बसलायस तू!"

ग्लेनने मला उलटेपालटे करून पाहिले. "वाद्या," तो म्हणाला.

"वाद्याच. चूक माझीपण आहे. तेव्हा हिसकावून घ्यायला पाहिजे होता."

"मीच नको म्हणालो."

"हो, म्हणालास खरा," ऑरेलिओ म्हणाला आणि त्याच्या शेजारी बाकावर बसला.

मला वाटले होते, आता मी कचऱ्याच्या डब्यात जाणार. पण ग्लेनने त्याच संध्याकाळी चामडे शिवायची अरी मागून घेतली आणि एकेक वादी स्वतः आवळली. बोटाला चिरा पडल्या तरी थांबला नाही. काम खरेच अर्ध्या तासाचे होते. त्यानंतर उरलेल्या तीन आठवड्यांत त्याच्या संथ चेंडूला एकही फलंदाज शिवू शकला नाही. रोज आम्ही वाट पाहत होतो. मोसमाच्या शेवटी मॅनेजरने मोठ्या संघासाठी पुन्हा एकाला बोलावून घेतले, पण तो दुसराच पिचर होता, तेवीस वर्षांचा. ग्लेनने त्याची बॅग उचलून गाडीत ठेवली आणि त्याला चार युक्तीच्या गोष्टी सांगितल्या. मोठ्या संघाने ग्लेनला नऊ दिवस पाहिले होते. त्यांचे मत बनले होते. हिवाळ्यात पत्र आले की तुमची गरज उरलेली नाही.

त्याला आता खूप वर्षे झाली. ग्लेन धान्याच्या कोठारावर नोकरी करून निवृत्त झाला. केस पांढरे, पोट सुटलेले. दरवर्षी मार्चमध्ये, पिचर सरावाला लागतात त्या सुमारास, तो मला फळीवरून खाली घेतो. धूळ पुसतो, तेल लावतो आणि अरी घेऊन माझ्या सगळ्या वाद्या आवळतो.

"कशाला दरवर्षी ताणतोस?" यंदा डार्लाने दारातून विचारले. "कोण खेळणार आहे त्याने?"

"सैल राहायला नको," तो म्हणाला.

"बरं. जेवायला ये."

मित्रांनो, आपल्या वस्तू जपा, पण वेळेवर जपा. ज्याची स्तुती करता त्याच्याकडे मधूनमधून परक्याच्या नजरेने बघा. कोणी दुरुस्ती सुचवली तर शकुनाचे कारण सांगून टाळू नका. माझ्याइतकी निगा जगात कुठल्याच मोज्याची राखली जात नसेल, पण ती उशिरा आली.

आणि एक विनंती आहे, कारण मला अजूनही बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी नेब्रास्काकडे गेले, तर ग्लेन टेस्मरला माझा निरोप द्या. म्हणावे, वाद्या घट्ट आहेत, आता ताणू नकोस. इतक्या वर्षांत मला पुसलेस, तेल लावलेस, पण आत हात घातला नाहीस. एकदा घाल.